मॉक् धातूची रूपे

सोलच्या ग्वांगजांग बाजारात दगडी जाते फिरते आहे. १९०५ साली सुरू झालेल्या या बाजारात जात्याला आता विजेची मोटर जोडली असली, तरी भिजवलेले मूग वरून पडतात आणि पाळूच्या कडेने दाट पीठ ओघळते, ते दृश्य आपल्या घरातले वाटावे असेच आहे. या पिठाचे जाड धिरडे, म्हणजे बिंदेत्तॉक, तेलात तळून निघते आणि विक्रेती त्याचा गरम तुकडा पुढे करून म्हणते, "मॉगॉ बोसेयो."

शब्दाला शब्द ठेवून याचे मराठी होते : खाऊन बघा. 'खाणे'ला 'बघणे' जोडून चव घेण्याचा अर्थ साधण्याची ही रीत मराठी आणि कोरियन या दोन्ही भाषांत एकच आहे. 'सादा' म्हणजे विकत घेणे आणि 'जुदा' म्हणजे देणे, म्हणून 'सा जुदा' म्हणजे घेऊन देणे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तेही आपल्यासारखेच. मराठी विद्यार्थ्याला ही भाषा इंग्रजी पुस्तकांच्या वळशाने शिकावी लागते, याची खंत अशा वेळी फार जाणवते.

शब्दकोशात 'खाणे' हे क्रियापद 'मॉक्ता' असे सापडते. शेवटचा 'ता' काढला की 'मॉक्' हा धातू उरतो. त्याला 'ऑयो' लावले की 'मॉगॉयो' होते, आणि त्यात खातो, खाते, खातात हे सारे येते, कारण कोरियन क्रियापद लिंग, वचन व पुरुष यांप्रमाणे बदलत नाही. धातूतला शेवटचा स्वर 'आ' किंवा 'ओ' असेल तर 'ऑयो'ऐवजी 'आयो' लागते. 'हादा', म्हणजे करणे, याचे मात्र 'हेयो' होते.

आता या रूपांचे उच्चार नीट पाहावेत. 'मॉक्'मधल्या क् चा स्वरापुढे ग् होतो, आणि न् पुढे आला की ङ् होऊन 'मॉङ्नुन्दा' असा उच्चार होतो. वाक् आणि ईश मिळून वागीश, वाक् आणि मय मिळून वाङ्मय, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. हा तोच संधी आहे. फरक इतकाच की आपण बदललेला उच्चार लिहितो, तर हंगुल या कोरियन लिपीत तिन्ही रूपांतला अक्षरांचा पहिला ठोकळा जसाच्या तसा राहतो, त्यामुळे धातू डोळ्यांना लगेच सापडतो.

ही सोय आपोआप झालेली नाही. राजा सेजोंगने १४४६ साली लिपी जाहीर केली, तरी कानाला ऐकू येते तसे लिहावे की धातू शाबूत ठेवावा, हा प्रश्न पुढे शतकानुशतके सुटला नव्हता. जू सी-ग्यॉन्ग (१८७६–१९१४) या व्याकरणकाराने धातू शाबूत ठेवण्याचा आग्रह धरला, आणि त्याच्या शिष्यांच्या जोसॉन भाषा संस्थेने १९३३ साली, जपानी राजवटीतच, लेखनाचे नियम ठरवताना तो मान्य केला. हीच संस्था शब्दकोशही तयार करत होती, त्याची पाने हाताने लिहिलेली, खाडाखोड केलेली होती. १९४२ साली कोशकारांची धरपकड झाली, दोघे तुरुंगात मरण पावले, आणि हरवलेले हस्तलिखित १९४५ साली सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले.

नियमाला न जुमानणारे धातूही आहेत. 'मुत्ता' म्हणजे विचारणे आणि 'मुत्ता' म्हणजेच जमिनीत पुरणे. कोशात दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण विचारण्याचे 'मुरॉयो' होते आणि पुरण्याचे 'मुदॉयो'. अशा जोड्या पाठच कराव्या लागतात, आणि त्या वाक्यासकट पाठ केल्या तरच टिकतात.

बाजारात विक्रेती ताटलीकडे पाहते आहे. ताटलीत आता कांद्याचे दोन तुकडे आणि सोया सॉसचा ओघळ एवढेच उरले आहे. ग्राहक काड्या खाली ठेवून म्हणतो, "दा मॉगॉस्सॉयो." सगळे खाल्ले.