यादीत न बसणारे दगड

नमस्कार श्रोतेहो. 16 एप्रिल आला की आपण ठाणेकर जरा छाती फुगवून चालतो. 1853 साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्याला आली, हे पाहुण्यांना ऐकवल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे आज 18 एप्रिलला, जागतिक वारसा दिन असतो. त्याची खबर फारशी कुणाला नसते. म्हणून आज थोडं वारशाच्या याद्यांबद्दल बोलू.

आपल्या जिल्ह्यातलं अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळातलं. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060, असा काळ दिलेला आहे. हे मंदिर केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. अशा स्मारकांसाठीच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. आजूबाजूच्या रहिवाशांची यावर कुरकुर असते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण हे कुंपण नसतं तर मंदिराला खेटून काय काय उभं राहिलं असतं, ते वेगळं सांगायला नको. घोडबंदरचा किल्ला राज्याच्या यादीत आहे; त्यासाठी 1960 चा राज्याचा कायदा.

शहरातल्या जुन्या इमारतींचं गणित वेगळं. मुंबईत 1995 साली वारसा नियमावली आली आणि इमारतींना श्रेणी मिळू लागल्या. पहिल्या श्रेणीला जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत जपून बदल करायचे, तिसरीत बरीच मोकळीक. इमारतींसाठी हे ठीक आहे. पण आपल्याकडचा निम्मा इतिहास सुटा पडलेला आहे, आणि माझं म्हणणं त्याबद्दलच आहे.

एखाद्या जुन्या गावठाणात, तळ्याच्या काठी किंवा देवळामागे पिंपळाखाली, गुडघाभर उंचीचा उभा दगड दिसतो. शेंदूर फासलेला, हार घातलेला. नीट पाहिलंत तर वर सूर्य आणि चंद्र, मध्ये झिजलेली अक्षरं आणि खाली गाढव असलेलं एक असं शिल्प, की त्याचं वर्णन रेडिओवर करणं बरं नव्हे. हा गधेगळ. राजानं जमीन दान दिली, त्याची ही जाहीर नोंद. आणि दान मोडणाऱ्याला खाली दगडात कोरलेली शिवी. वाचता न येणाऱ्यालाही कळावी अशी! वरचे सूर्य-चंद्र सांगतात, हे दान ते असेतोवर चालावं. कालांतरानं लेख कुणाला वाचता येईना, तेव्हा लोकांनी त्याचा देव केला. एका परीनं बरंच झालं. देव झाले म्हणून असे कितीतरी दगड टिकले, नाहीतर कुठल्यातरी घराच्या पायात गेले असते.

पण आता शेंदराच्या जोडीला ऑइलपेंट आला आहे. त्याचा थर दगडातला ओलावा आत कोंडतो, मग पापुद्रे सुटतात आणि अक्षरं पापुद्र्याबरोबर जातात. जीर्णोद्धाराच्या वेळी तर दगड सरळ चौथऱ्याच्या सिमेंटमध्ये गाडतात, लेखाची बाजू आत.

पाया खणताना इतिहास हाती लागणं आपल्याकडे नवं नाही. ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या कारागृहाच्या आवारात, 1787 साली खोदकामात शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट मिळाला. आज पुनर्विकासात गल्लोगल्ली पाया खणला जातोय, नवी मुंबईच्या गावठाणांतही. काही निघालं तर काम थांबेल, या भीतीनं ते डंपरमध्ये जातं. कायदा मात्र 1878 पासून आहे: जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये! आज त्यात कटिंग चहासुद्धा मुश्किलीनं येतो, तेव्हा मला हा कायदा लागू नाही, असं म्हणायला कुणाला जागा नाही.

असा दगड दिसला तर हलवू नका. कुठे सापडला, कुठल्या दिशेला तोंड करून होता, हीच त्याची अर्धी माहिती असते. ॲसिड नको, तारेचा ब्रश नको. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडूही फिरवू नका. अंधार पडल्यावर एका बाजूनं, दगडाला जवळजवळ लावून टॉर्च धरा. सावलीमुळे झिजलेली अक्षरंही उमटतात. मग फोटो काढा आणि जागेच्या माहितीसह राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा.