गिटारची तार न बघता सापडते

नमस्कार मंडळी, ज्यांनी नुकतीच गिटार हातात घेतलीय त्यांच्याशी आज बोलायचंय, म्हणजे डावा हात कसाबसा कॉर्ड धरतो पण उजवा तिसऱ्या तारेवर जायचा तो दुसरीवरच जाऊन पडतो (तारा खालून मोजायच्या, सगळ्यात बारीक ती पहिली). मग आपण मान वाकवून बघत बसतो. मीसुद्धा सुरुवातीला तेच करायचे. पण वरून बघितलं की तारा एकमेकींआड लपतात, म्हणून गिटार आपल्याकडे कलती करतो आणि मनगट मुडपतं, नेम आणखीनच जातो.

तंबोऱ्यावर बसणारे बघा, गाणाऱ्याच्या मागे तासभर तारा छेडतात, एकदाही खाली बघत नाहीत, कारण हात एका जागी टेकलेला असतो. गिटारचंही तेच. कोपराखालचा भाग गिटारच्या कडेवर ठेवा, तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीवर, हलकी टेकवा, तारांवर नको, नाहीतर आवाज दबतो. तिथे दोन तारांमधे जेमतेम एक सेंटीमीटर अंतर असतं, हाताला एकदा ते कळलं की कळलं! पिकचं, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीचं, टोक बोटांच्या ३-४ मिलिमीटरच बाहेर ठेवा, जास्त असलं की शेजारच्या तारेत अडकतं.

आता नेम नक्की कुठे चुकतो ते सांगते. तिसरी तार खालच्या स्ट्रोकने, म्हणजे वरून खाली, मारली की पिक तिसरी आणि दुसरीच्या मधे येतं, मग दुसरी वरच्या स्ट्रोकने मारायची तर आधी तिच्यावरून उडी मारून पलीकडे जावं लागतं, आणि नवीन हाताला ही उडी मापात जमत नाही. म्हणून पहिले काही दिवस सगळे स्ट्रोक खालीच मारा, तिसरी वाजवली की पिक दुसरीवर जाऊन अलगद थांबू दे, तिथूनच पुढचा स्ट्रोक. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर, एकेक तार चार वेळा, डावा हात रिकामा. कंटाळवाणं वाटेल, पण खरंच करा हो.

हे जमलं की मग मधली तार सोडून जायचं. गिटार जवळ असेल तर घ्या आणि डोळे मिटा. मी आता पाचवी वाजवतेय, जाड आवाजाची, आणि चौथी सोडून ही तिसरी. तुम्हीही वाजवा, चौथी मधेच वाजली तर थांबू नका, पुन्हा पाचवीपासून.