ओळखीचा डॉक्टर

नमस्कार श्रोतेहो.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोरोनारुग्ण आपल्या पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयाचं नाव राज्यभर झालं. खाटा, ऑक्सिजन, जम्बो रुग्णालय यांबद्दल पुष्कळ बोलून झालंय. मला बोलायचंय ते गल्लीतल्या दवाखान्याबद्दल.

त्या मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक घरांत कोरोना नव्हताच. बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या, कुणाची शुगर वाढली होती, लेकराचा कान ठणकत होता. आणि पेठांमधले कितीतरी दवाखाने बंद होते. "इतकी वर्षं यांच्याकडे गेलो आणि नेमक्या वेळी शटर खाली," असं रुग्ण आजही बोलून दाखवतात. हा राग मला खोटा वाटत नाही. पण साठी ओलांडलेला डॉक्टर, खिडकी नसलेली एक खोली आणि पीपीई किट कुठे मिळेल याचा पत्ता नाही, हेही तितकंच खरं होतं.

२५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. फोनवर, व्हिडिओवर, मेसेजवर सल्ला द्यायला रीतसर परवानगी मिळाली. जुन्या रुग्णाची चालू औषधं पुढे चालू ठेवणं सोपं झालं. नव्या रुग्णाला मात्र बऱ्याच औषधांसाठी आधी व्हिडिओवर दिसावं लागे. ओळखीचा खरा उपयोग इथे दिसला. ज्यांचा केस पेपर वर्षानुवर्षं एकाच दवाखान्यात होता, त्यांचा नुसता आवाज ऐकून डॉक्टर विचारायचे, "बोलताना धाप लागतेय का? आधी नव्हती."

हिंजवडीला, खराडीला नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींचा असा डॉक्टरच नव्हता. ताप आला की केमिस्ट, नाहीतर थेट मोठं हॉस्पिटल. आणि जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीत ज्या घरात एकच फोन, तो नवऱ्याबरोबर कामावर गेलेला, तिथल्या बाईने व्हिडिओवर दिसायचं कसं? सोय झाली ती फोन असणाऱ्यांची, हे मला फार लागतं.

मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, मुख्यमंत्र्यांनी 'माझा डॉक्टर' म्हणून फॅमिली डॉक्टरांनाच साद घातली: घरी विलगीकरणात असलेल्यांवर लक्ष ठेवा. बोटाला ऑक्सिमीटर लावा, सहा मिनिटं चालून पुन्हा मोजा, ९४ च्या खाली गेलं तर कळवा. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला की घरातल्या सगळ्यांना धीर यायचा, असं मला अनेकांनी सांगितलंय. ही साद वर्षभर आधी घातली असती तर? मला वाटतं, बरीच धावपळ टळली असती.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आजीबाईंकडून कळली. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन नातू धरायचा, प्रश्नांची उत्तरं सून द्यायची. दवाखान्यात पडद्याआड ज्या तक्रारी त्या डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगायच्या, त्या घरच्यांसमोर कशा निघणार? लघवीची जळजळ, रात्री येणारं रडू, सगळं पोटातच राहिलं. फोनवरचे सल्ले आजही चालू आहेत. म्हणून माझी विनंती आहे: नंबर लावून द्या, आवाज मोठा करून द्या, आजींची औषधं समोर मांडून ठेवा आणि दार ओढून घेऊन दहा मिनिटं बाहेर थांबा.