दहा बाय पाच : पीक विम्याचा आकडा कुठून येतो

(दृश्य : सोयाबीनचं शेत. चार खुंट्या, ताणलेली सुतळी.)

सोयाबीन काढणीला आलंय. शेतात चार खुंट्या ठोकल्यात. लांबी १० मीटर, रुंदी ५. टेपचं टोक आता तिरकं समोरच्या खुंटीवर गेलं, ते कर्ण मोजायला. कर्ण ११.१८ मीटर भरला तर चौकोन काटकोनात आहे. नाही भरला तर खुंटी उपटून पुन्हा ठोकायची.

जागा नजरेनं निवडलेली नाही. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यातून दोन आकडे काढायचे, तेवढी पावलं लांबीकडे, तेवढी रुंदीकडे. जिथं थांबाल तिथं पहिली खुंटी. पीक तिथं दाट असो की विरळ. सुतळीवर आलेल्या झाडाचं काय? बुंधा निम्म्याहून जास्त आत असेल तर ते मोजणीत, नाहीतर बाहेर.

(दृश्य : ताडपत्रीवर मळणी. काट्याचा क्लोजअप.)

याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळ, म्हणजे काही गावांचा गट, हे विम्याचं एकक धरलं, तर एका पिकासाठी मंडळात असे किमान १० प्रयोग लागतात. पूर्ण मंडळाचं उत्पादन या काट्यावर ठरतं.

काटा ५ किलो दाखवतोय. ५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग, म्हणजे हेक्टरी १० क्विंटल. काटा १०० ग्रॅमनं चुकला की हेक्टरी २० किलोंचा फरक.

पण दाणा ओला आहे. ओलावा २० टक्के धरा. १२ टक्क्यांवर वाळवला की हेच ५ किलो साडेचारच्या जरा वर उरतात, हेक्टरी ९.०९ क्विंटल. एवढ्यानं काय होतं?

(दृश्य : पाटीवर खडूनं लिहिलेले आकडे.)

समजा मंडळाची मागची सात वर्षं अशी : १४, ९, १६, १५, ६, १३, १७ क्विंटल. त्यातली चांगली पाच घ्यायची, सरासरी १५. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणजे या सरासरीच्या तेवढ्या भागाची हमी. तेच उंबरठा उत्पादन, साडेदहा क्विंटल. मंडळाची सरासरी त्याखाली जितकी घटली, तितकी भरपाई. विमा संरक्षित रक्कम सोयीसाठी हेक्टरी ५० हजार रुपये धरू. सगळे प्रयोग ओल्या दाण्यावर झाले आणि सरासरी १० आली, तर घट ४.८ टक्के, भरपाई २,३८१ रुपये. वाळवून तोलले तर घट १३.४ टक्के, भरपाई ६,७१० रुपये.

(दृश्य : कार्यालय. पडद्यावर मंडळनिहाय तक्ता.)

हाच आकडा वर्षानुवर्षं साठत विमा कंपनीत पोचतो. तिथं तो हाती घेतो विमागणिती. कंपनीत मात्र सगळे ॲक्च्युअरीच म्हणतात. काम सांगायला सोपं आहे : आजचे नियम मागच्या प्रत्येक हंगामाला लावले असते तर किती भरपाई गेली असती, ते काढायचं, सरासरी घ्यायची, वर अनिश्चितता, पुनर्विमा (विमा कंपनीनं स्वतःसाठी काढलेला विमा) आणि खर्चाची भर टाकायची. त्यातून हप्त्याचा दर येतो.

जबाबदार ॲक्च्युअरीचा निम्मा वेळ दर काढण्याआधीच संपतो. शेजारच्या दोन मंडळांचे आकडे दशांशापर्यंत सारखे दिसले तर एकाची नक्कल झालीय. शेवटचा अंक सारखा शून्य किंवा पाच येत असेल तर कुणीतरी अंदाजानं भरलंय. मंडळ नुकतंच फुटून नवं झालं असेल तर त्याचा इतिहास मूळ मंडळाकडून उसना घ्यावा लागतो, आणि उसना आहे अशी खूण करावी लागते. बियाण्याचं वाण बदललं की उत्पादनाचा कल वर सरकतो. तो वेगळा काढला नाही तर जुना दुष्काळ आजच्या मापानं मोजला जातो.

(दृश्य : उपग्रहाचा नकाशा. हिरवा, पिवळा, तांबडा.)

२०२३ च्या खरिपात योजनेत येस-टेक आलं : उपग्रहावर आधारित उत्पादनाचा अंदाज, अंतिम आकड्यात किमान ३० टक्के भार देऊन. आधी भात आणि गहू, २०२४ पासून सोयाबीनही.

सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० बाय १० मीटर. बांध, आंतरपिकातली तूर, कडेचं बाभळीचं झाड, सगळं त्या एका ठिपक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये ढग. रडार ढगातून बघतं, पण त्याला हिरवेपणा कळत नाही. आणि खरी मेख इथं आहे.

(दृश्य : पिवळी पानं, हातात उकललेली पोकळ शेंग.)

ही शेंग बघा. पीक पक्व झालं की पान पिवळं पडतं, आणि पिवळा मोझॅक हा रोग आला तरीही पिवळंच पडतं. वरून दोन्ही सारखं. फरक तारखेचा : पेरणीपासून किती दिवसांनी पिवळं पडलं? उलट, शेंगा भरल्याच नाहीत तर झाड उशिरापर्यंत हिरवं राहतं आणि मॉडेल, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाज काढणारं गणित, उत्पादन जास्त दाखवतं.

म्हणून मॉडेलची परीक्षा कशी घेतली, हा पहिला प्रश्न. त्यासाठी पूर्ण एक वर्ष बाजूला ठेवावं लागतं. तक्त्यातल्या नुसत्या इथल्या-तिथल्या ओळी वगळून भागत नाही. त्याच वर्षीची शेजारची मंडळं एकाच पावसात भिजलेली असतात. त्यातलं एक मॉडेलला दाखवून दुसरं विचारलं, तर ती परीक्षा नव्हे, कॉपी झाली. आणि मॉडेल व काटा जुळले नाहीत, तर आधी त्या शेतात माणूस जातो.

(दृश्य : मोबाइलवर ई-पीक पाहणी.)

विम्याच्या अर्जातलं पीक आणि ई-पीक पाहणीतलं (मोबाइलवरून केलेल्या पीकनोंदीतलं) पीक जुळतं का, हे संगणक क्षणात सांगतो. पण जमिनीच्या गटाचे पोटहिस्से पडले की खरा अर्जही विसंगत दिसतो. म्हणून विसंगती दिसली की तपासणी, थेट नामंजुरी नाही. हप्त्याचा दर काढायच्या तक्त्यात शेतकऱ्याचं नाव, मोबाइल नंबर किंवा जात येतच नाही. हा दर पूर्ण मंडळासाठी असतो, तिथं त्यांची गरजच नसते.

(दृश्य : पुन्हा शेत. संध्याकाळ.)

खरिपातल्या सोयाबीनला शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, उरलेला सरकारचा. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली, तर एकट्याचं शेत गेलं तरी या हिशेबात त्याला काही मिळत नाही.

तोललेलं सोयाबीन मालकाच्या पोत्यात परत जातं. खुंट्या उपटल्या, सुतळी गुंडाळली. मंडळातले नऊ प्रयोग अजून बाकी आहेत.