वाग्दान ते विवाह : प्राचीन यहुदी परंपरेतील मधले वर्ष

श्रोतेहो, येशूची आई मरीया आणि तिचा वाग्दत्त वर योसेफ अजून एकत्र नांदत नव्हते, तरी बायबलमधील मत्तयाचे शुभवर्तमान योसेफाला तिचा पती म्हणते आणि तो तिला गुपचूप सोडण्याचा विचार करीत होता, असे सांगते. आपल्याकडे साखरपुडा मोडला तर चार लोक बोलतात आणि विषय मिटतो. यहुदी वाग्दान मोडायला मात्र सूटपत्रच, म्हणजे घटस्फोटाचा लेखच, लागे, कारण विवाहाचे बंधन त्याच क्षणी लागू झालेले असे.

या पहिल्या टप्प्याला ‘एरुसिन’ किंवा ‘किद्दुशिन’ म्हणत; वधूला घरी आणण्याचा दुसरा टप्पा म्हणजे ‘निस्सुइन’. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथानुसार द्रव्य, लेख किंवा शरीरसंबंध यांपैकी कशानेही स्त्री ‘प्राप्त’ होई. ही भाषा आजच्या कानाला खटकते, आणि ती खटकावीच. पण द्रव्य किती असावे, यावरचा वाद बोलका आहे. शम्माई आणि हिल्लेल हे दोन प्राचीन यहुदी धर्मगुरू. शम्माईचे अनुयायी एक दीनार, म्हणजे चांदीचे एक नाणे, मागत. हिल्लेलच्या अनुयायांना प्रुता हे तांब्याचे हलके नाणेही पुरेसे वाटे. माझ्या मते इतक्या क्षुल्लक नाण्यातून वधूची किंमत ठरूच शकत नाही. देवघेवीचे रूप राहते आणि भार वचनावर येतो.

वाग्दानानंतर वधू माहेरीच राही. वराने मागणी केल्यापासून कुमारिकेला तयारीसाठी बारा महिने, विधवेला तीस दिवस मिळत. वर अवचित मध्यरात्री येऊन वधूला नेई, हे चित्र प्रवचनांतून नेहमी रंगवले जाते. परंतु कुमारिकेचा विवाह बुधवारी व्हावा, असे मिश्नाच सांगते, तेव्हा तो अवचितपणा सार्वत्रिक नियम मानणे अवघड आहे.

वधूचे संरक्षण ‘केतुबा’ या लेखात असे. कुमारिकेसाठी दोनशे झूझ (चांदीची नाणी) आणि विधवेसाठी शंभर, ही त्यातील किमान रक्कम. इ.स.पूर्व पहिल्या शतकातील धर्मपंडित शिमोन बेन शेताह यांनी पतीची सारी मालमत्ता या रकमेला तारण ठरवली, जेणेकरून रागाच्या भरात पत्नीला घालवून देणे सोपे राहू नये. 1961 मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेत पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांना बाबथा नावाच्या स्त्रीची कागदपत्रे सापडली. त्यांत तिचा अरामी भाषेतील केतुबाही होता.

या कायद्याच्या चौकटीतच संदेष्टा होशेय बोलतो. अविश्वासू इस्राएलाला देव पुन्हा वाग्दत्त करू पाहतो, तेव्हा नाण्याच्या जागी न्याय, नीती, प्रेम, दया आणि निष्ठा येतात. तेफिलिनचा, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या शास्त्रवचनांच्या चामडी पेटीचा, पट्टा बोटाला गुंडाळताना यहुदी आजही हीच वचने म्हणतात. मिश्नाने तर गीतरत्न या बायबलमधील प्रेमकाव्यातील ‘विवाहाचा दिवस’ म्हणजे तोरा, अर्थात देवाचे नियमशास्त्र, दिल्याचा दिवस, असा अर्थ लावला. वाग्दत्त वधूची स्थिती मला इथे फार महत्त्वाची वाटते: ती पूर्णपणे बांधील आहे, पण अजून घरी पोहोचलेली नाही. निर्वासित समाजाला स्वतःची आणि देवाची गाठ या स्थितीत दिसली, यात नवल नाही.

मध्ययुगात, साधारण बाराव्या शतकापर्यंत, दोन्ही विधी एकाच समारंभात आले. तरी ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दोहोंच्या मध्ये केतुबा वाचला जातो, आणि मगच विवाहाचे सात आशीर्वाद सुरू होतात.