बसलेली जमीन परत वर येते का?

(दृश्य: मे महिना, चोपडा तालुका. पऱ्हाटी काढलेलं, अजून नांगर न लागलेलं वावर.)

खानदेशातलं काळं वावर मे महिन्यात असं दिसतं. भेगेत हात घातला तर मनगटापर्यंत सहज आत जातो. कडेची भुसभुशीत माती घरंगळून भेगेच्या तळाशी पडते. पुढं पाऊस झाला की तीच माती तळाशी फुगते आणि आजूबाजूची माती वर रेटते. नांगर न लावताही हे वावर थोडंथोडं उलथत असतं.

दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज वहीच्या पानांसारख्या पातळ थरांचं असतं. थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, पाणी आटलं की मिटतं. म्हणून पावसाळ्यात जमीन वर येते आणि उन्हाळ्यात खाली बसते. पिकाला याचा फारसा त्रास नाही, घराला आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग मे महिन्यात रुंदावते आणि गणपती येईतो मिटत आलेली असते. काळ्या जमिनीवर जोतं असलेल्या घरांत ही भेग ओळखीची आहे. पाया घेताना काळी उपसून मुरूम भरतात, तो याचसाठी.

(दृश्य: सैबेरियाचा टुंड्रा, उपग्रहातून.)

अशीच चढउतार इथून हजारो किलोमीटर उत्तरेला होते. सैबेरिया, अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, शिवाय तिबेटचं पठार. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ गोठलेली राहते त्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिचा वरचा थर मात्र दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे हिवाळ्यात जमीन उचलली जाते. उन्हाळा आला की ती बसते, कुठे थोडी, कुठे काही सेंटिमीटर. तिकडे बर्फ वितळतो म्हणून आणि इकडे पाणी आटतं म्हणून, पण उन्हाळ्यात दोन्हीकडची जमीन खालीच जाते.

एवढ्या अफाट, ओसाड प्रदेशात खुंट्या ठोकून हे मोजणं शक्य नाही. तिथं रडार कामी येतं.

(दृश्य: आलेखचित्र. उपग्रह, खाली येणारी लहर, परत जाणारी लहर.)

उपग्रह जमिनीकडे रेडिओलहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरीची कला, म्हणजे ती चढउताराच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहे, ते नोंदवतो. युरोपचा सेंटिनेल-१ सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि १२ दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावर येतो. दोन वेळच्या नोंदींतला फरक म्हणजे मधल्या काळात जमीन किती सरकली त्याचा हिशेब. त्याची लहर साडेपाच सेंटिमीटरची आहे, त्यामुळे जमीन अगदी थोडी हलली तरी फरक दिसतो. रडारला अंधार अडवत नाही आणि ढगही अडवत नाहीत. आपल्याकडे हे फार मोलाचं आहे, कारण काळी फुगते ती नेमकी आभाळ भरलेलं असताना.

पर्माफ्रॉस्टच्या अभ्यासकांचं खरं लक्ष मात्र दरवर्षीच्या चढउतारावर नसतं. उन्हाळ्यात बसलेली जमीन हिवाळ्यात पूर्ण वर आली का, हे ते बघतात. आली नाही, तर खोलवरचा जुना बर्फ वितळू लागलाय. २००६ साली ल्हासापर्यंत पोचलेली चीनची रेल्वे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अशा जमिनीवरून जाते. तिच्या भरावावर रडारनं नजर ठेवली जाते ती याच कारणानं.

(दृश्य: रावेर-यावलच्या केळीच्या बागा, कूपनलिका.)

हाच प्रश्न खानदेशालाही लागू आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीच्या गाळाचे जाड थर आहेत, वाळूचे आणि चिकणमातीचे. केळी या थरांतल्या पाण्यावर उभी आहे आणि पाण्याची पातळी खोल गेली आहे. असं पाणी उपसलं जातं तेव्हा चिकणमातीचे थर दबू शकतात आणि एकदा दबले की पुन्हा फुगत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात १९२५ ते १९७७ दरम्यान एके ठिकाणी जमीन सुमारे साडेआठ मीटर खचली. आपल्याकडे काळीच्या हंगामी हालचालीत असं कायमचं बसणं दडून राहू शकतं. दोन्ही वेगळं काढून बघायलाच हवं.

केळीची बाग रडारला अवघड. पानं सतत हलतात, त्यामुळे दोन वेळच्या नोंदी जुळत नाहीत. इथं लांब लहर लागते. इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याच्यावर २४ सेंटिमीटर लहरीचं एक रडार आहे, ती लहर पानांमधून बरीच खाली पोचते. इस्रोनं बनवलेलं दुसरं रडारही त्याच्यावर आहे. हा उपग्रहही १२ दिवसांनी त्याच जागी येतो.

निरीक्षण विहिरींची पातळी मोजण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. त्याच विहिरीजवळ, बागेबाहेर मोकळ्या बांधावर, रडारची लहर थेट परत पाठवणारा, धातूच्या पत्र्याचा तीन बाजूंचा परावर्तक उभा करता येतो. त्याचा पाया काळीच्या खाली पक्क्या थरात न्यावा, म्हणजे काळीचं फुगणं त्यात मिसळणार नाही. मग विहीर पाण्याचं सांगेल आणि उपग्रह जमिनीचं. शेजारच्या उघड्या वावराची तुलना मात्र मे महिन्याची मे महिन्याशीच करावी लागेल. ऑक्टोबरची नोंद मेच्या शेजारी ठेवली, तर फक्त पावसाळा मोजला जाईल.