तुकड्यांचा हिशेब

(सोलापुरात वास्तुकलेचे विद्यार्थी, ठेकेदार आणि रसिकांसमोर एका मोझॅक कलावतीने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. 'सार्वजनिक आणि खाजगी जागांसाठी केलेली मोझॅकची कामं' असा भारदस्त विषय मला दिलाय. पण काम घेऊन येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न चित्राचा कधीच नसतो. "ताई, स्क्वेअर फुटाला काय पडतं?" फरशीवाल्याला विचारतात, रंगाऱ्याला विचारतात, तसंच मला. प्रश्न गैर नाही. पैसे मोजणाऱ्याने भाव विचारायचाच. पण घोडं तिथंच पेंड खातं. मोझॅक, म्हणजे काचेचे-दगडाचे तुकडे बसवून केलेलं चित्र, चौरस फुटात मोजायला गेलं की काम बिघडतं, आणि ते कसं बिघडतं हे सांगायलाच मी आज उभी आहे.

बाजारात काचेचा तयार तुकडा सर्रास मिळतो तो २० मिलिमीटरचा. मध्ये दोन मिलिमीटरची दरज सोडली तर एका चौरस फुटात असे साधारण १९० तुकडे बसतात. तोच तुकडा कापून १० मिलिमीटरचा केला आणि दरज बारीक ठेवली, की त्याच एका फुटात ७०० च्या घरात तुकडे जातात. म्हणजे हाताचं काम साडेतीन पटींहून जास्त, वर कापण्याचा वेळ आणि वाया जाणारी काच वेगळी. चौरस फूट मात्र एकच! दर एकच असेल तर ठेकेदार कोणता तुकडा लावेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता या हिशेबात माणसाचा चेहरा घाला. चेहरा १० इंच रुंद धरला तर २० मिलिमीटरच्या तुकड्यांची आडवी ओळ जेमतेम ११ तुकड्यांची होते. त्यात दोन डोळे, नाक, दोन्हीकडचे कान, आणि असला तर फेटा. एका डोळ्याच्या वाट्याला दोन तुकडे येतात. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांचे चेहरे करायचे म्हणून माझ्याकडे एक अंदाजपत्रक आलं होतं. कुठल्या कार्यालयाचं ते सांगत नाही. चेहरे, आकाश आणि खालची जमीन, सगळ्याला एकच दर. मी म्हटलं, आकाशाला वाटलं तर अख्ख्या फरश्या लावा आणि त्यातले वाचलेले पैसे चेहऱ्यांवर घाला. ते म्हणाले, तसा रकानाच नाही. काम दुसऱ्या कुणाला गेलं. आता मल्लप्पा धनशेट्टी कोणते आणि कुर्बान हुसेन कोणते, हे खालची नावं वाचूनच कळतं.

म्हणून भिंत बघायला गेले की मी आधी उलटी चालत मागे जाते. लोक हसतात. पण बघणारा कुठे उभा राहणार, हे ठरल्याशिवाय तुकड्याचं माप ठरत नाही. दोन मिलिमीटरची दरज २०-२५ फुटांपलीकडे डोळ्याला वेगळी दिसेनाशी होते आणि तुकडे एकमेकांत मिसळतात. त्याच्या आत आलात तर तुकडा तुकडाच दिसतो. रस्त्याकडेच्या भिंतीचं गणित आणखी निराळं आहे. ताशी ४० किलोमीटरने स्कूटरवर जाणारा माणूस सेकंदाला ११ मीटर पुढे जातो. ६० फुटांची भिंत त्याच्या नजरेसमोर दोन सेकंदही टिकत नाही. आणि त्या भिंतीवर मागणी कसली? तर सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला, चादर, गिरणीचं धुराडं, डॉक्टर कोटणीस, ज्वारीची कणसं, आणि एका साहेबांनी तर हळूच शेंगाचटणीही सुचवली. सगळं सोलापूर एकाच भिंतीवर! दोन सेकंदांत माणूस एक आकृती बघतो. फार तर दीड.

फोटो घेऊन येणाऱ्यांची एक वेगळीच तऱ्हा. संगणकात फोटो घातला की तो चौकोन पाडून देतो, कुठल्या चौकोनात कुठला रंग तेही क्रमांकासकट. आपल्या गावात हे पटकन पटतं, कारण चादरीचा नक्षा आपण असाच करत आलो. ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे आणि त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणारी भोकांची, कार्डं पाडायची. तिथे चौकोनाला इलाज नाही, कारण ताणा आणि बाणा काटकोनातच भेटतात. भिंतीवर ती सक्ती नाही. गाल गोल आहे तर तुकड्यांची ओळ गालाभोवती फिरू शकते, बैलाच्या मानेवरून उतरू शकते, पाण्यात आडवी पडू शकते. रोमन कारागीर दोन हजार वर्षांपूर्वी हेच करत होते. मग आपण कशासाठी परत चौकोनात जाऊन बसायचं? संगणकाचा मला राग नाही. रंगांचा अंदाज घ्यायला मीही वापरते. पण ओळीचा ओघ तो देत नाही, आणि मोझॅकमध्ये रेखाटन म्हणजे हा ओघच.

आता दगडाकडे येते, कारण माझा जीव तिथे जास्त रमतो. मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत विद्यार्थ्यांनी पाहिली असेल, निदान चित्रात. हुआन ओ'गोरमन हा वास्तुकारही होता आणि चित्रकारही. १९५० च्या आसपास त्याने त्या इमारतीच्या चारही बाजू, सुमारे ४,००० चौरस मीटर, मोझॅकने मढवल्या. उन्हापावसात रंग टिकत नाही, म्हणून देशभर फिरून निरनिराळ्या रंगांचे दगड गोळा केले. निळा दगड काही मिळेना, तेव्हा तेवढ्यापुरती काच वापरली. सगळं काम जमिनीवर सुमारे मीटरभराच्या फरश्यांमध्ये ओतून घेतलं आणि मग वर चढवलं. सत्तर वर्षं उलटून गेली, भिंती अजून बोलतात.

आपल्याला देशभर फिरायचीही गरज नाही. शहाबादी राखाडी आणि तांदूरची पिवळट फरशी तर शेजारचीच. काळा दगड पायाखाली आहे. कडप्पा, जैसलमेरचा पिवळा, आग्र्याचा लाल, उदयपूरचा हिरवा, हे सगळं कुठल्याही फरशीवाल्याच्या वखारीत मागच्या बाजूला ढिगाने पडलेलं असतं. मी ढीगच विकत घेते. त्यातही एक गंमत आहे. कडप्पाला पॉलिश केलं तर तो काळाभोर दिसतो, आणि तोच फोडून फुटकी बाजू वर ठेवली तर राखाडी. एका दगडात दोन रंग फुकट मिळतात.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेवर एक भिंत केली होती. सात नंदीध्वज, आणि ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले भक्त. पांढरं इतकं, की एकच पांढरा घेतला असता तर चुना फासल्यासारखं दिसलं असतं. म्हणून मकराण्याच्या संगमरवराच्या कपच्या घेतल्या, फुटक्या कपबश्यांचे चकचकीत तुकडे घेतले, दुधी काच घेतली आणि तांदूरचा अगदी फिका तुकडा घेतला. बाराबंदीच्या चुण्या या चार पांढऱ्यांतून उठल्या. काळी रेघ कुठेच ओढली नाही. मागे तळं होतं. समितीला ते निळंशार हवं होतं. मी त्यांना तळ्यावर घेऊन गेले आणि म्हटलं, यातलं निळं दाखवा. शेवटी शहाबादी आणि हिरव्या बाटल्यांच्या काचेवर तडजोड झाली. एक सभासद अजून नाराज आहेत. असू देत.

फुटक्या चिनी मातीचा विषय निघालाच आहे, तर तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या गच्चीवर हे काम आहेच. कोब्यावर पांढरे तुकडे बसवतात ते पाणी अडवायला, आणि ते ऊनही परत फेकतात. अहमदाबादला बाळकृष्ण दोशींनी स्वतःच्या 'संगाथ' या कार्यालयाच्या कमानदार छतांवर तेच लावलं आणि पुढे 'गुफा' या कलादालनाच्या घुमटांवरही. गच्चीवरच्या गवंड्याची ही हातोटी आहे, तिला वास्तुकाराने दर्शनी जागा दिली. आपल्या गावात हे काम अजून गच्चीवरून खाली का उतरत नाही, हा प्रश्न मी इथल्या विद्यार्थ्यांवर सोडते.

ऊन. एप्रिल-मे मध्ये ऊन मी म्हणत असतं तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. चिकटवायचा मसाला लावल्या लावल्या त्यावर साय धरते. तुकडा वरून बसल्यासारखा वाटतो, पण पकड झालेलीच नसते, आणि वर्षाच्या आत तो खाली येतो. म्हणून ताडपत्री बांधायची, भिंतीला पाणी मारायचं, सकाळी दहाच्या आत आणि ऊन उतरल्यावरच काम करायचं, एका वेळी हात पुरेल एवढाच मसाला लावायचा. बोट टेकवलं आणि मसाला बोटाला आला नाही तर तो खरवडून टाकायचा, कितीही महाग असला तरी. आणखी एक. उत्तरेची भिंत थंड, असं सगळे धरून चालतात. आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. तेव्हा त्या भिंतीलाही ऊन लागतं, विसरू नका.

सार्वजनिक कामात उन्हाहून मोठा शत्रू म्हणजे उद्घाटनाची तारीख. गिलाव्याला निदान चार आठवडे द्यावे लागतात. कच्च्या गिलाव्यावर बसवलं की आतली ओल क्षार घेऊन बाहेर येते आणि दरजांना पांढरा लोणा धरतो. मी टिचकी मारत सगळी भिंत फिरते. जिथे बद्द आवाज येतो तिथे गिलावा पोकळ, तेवढा फोडून परत करून मागते. याच्यावरून भांडणं होतात. पाहुणे ठरलेले असतात, पत्रिका छापलेल्या असतात आणि भिंत ओली असते.

पद्धतीबद्दल थोडक्यात. मोठं काम मी टेबलावर खाकी कागदावर उलटं रचते, दर्शनी बाजू कागदाला. चिकटवायला खळ. ती कशी शिजवायची हे मी विणकाम केलेल्या एका आजोबांकडून शिकले. गाठी होऊ न देण्याची त्यांची रीत बाजारातल्या कुठल्याही डब्यावर छापलेली नाही. भिंतीवर बसलं की कागद भिजवायचा आणि अलगद सोलायचा. अक्षरं असतील तर अर्थातच उलटी रचायची.

खाजगी कामाचं एकच उदाहरण देते, पण सविस्तर. होटगी रोडला एका घरात देवघराची मागची भिंत होती, चार फूट बाय तीन. बोलणी मुलगा करत होता आणि त्याला उभ्याने बघून सगळं ठरवायचं होतं. पूजा करणाऱ्या आजी मात्र पाटावर बसतात. त्यांचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर. तेव्हा मीही पाटावर बसले आणि चित्राचा मध्य तिथून धरला. उभ्या माणसाला तो खाली वाटतो. वाटू दे, पूजा त्यांची आहे.

तिथे थोडी सोन्याची काच वापरली. दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख असतो, व्हेनिसमध्ये शतकानुशतकं ती तशीच बनते. किंमत ऐकून मुलाने डोळे मिटले, म्हणून मूठभरच घेतली. पण मूठभर पुरते, जर ती सपाट बसवली नाही तर. इटलीतल्या रावेन्नाला सान व्हिताले हे चर्च इसवी सन ५४७ चं. तिथले सोन्याचे तुकडे एकसारखे सपाट नाहीत, थोडे थोडे कलते आहेत, म्हणून उजेड हलला की भिंत हलते. मी देवघरात तुकडे खालच्या बाजूला किंचित कलते बसवले. निरांजनाची ज्योत हलली की आजींच्या समोर ते एकेक करून पेटतात. विजेच्या दिव्यात त्यातलं काहीच दिसत नाही. मुलाने वर झगझगीत दिवा लावला होता, तो आजींनीच काढायला लावला.

पण कलत्या तुकड्यांच्या कडांवर काजळी बसते, तेल उडतं, हळदकुंकू उडतं. आजींची अट एकच होती: "फडकं फिरवलं तर अडकायला नको, आणि हाताला बोचायला नको." म्हणून खालचा फूटभर भाग सपाट काचेचा केला, दगड अजिबात नाही, कारण दगड तेल पितो. दरजाही तेल न पिणाऱ्या इपॉक्सीच्या भरल्या. कलतं सोनं हात पोहोचत नाही तिथे वर. एवढ्या चार बाय तीनमध्ये तुकड्यांची मापं पाच निघाली. याचा चौरस फुटाचा दर काय लावणार, सांगा.

कारंज्यांविषयी विचारलंत तर मी सहसा नाही म्हणते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात कारंजं बोअरवर चालतं, आणि बोअरचे क्षार काचेवर असे चढतात की हंगामाभरात सगळे रंग एकच होतात.

आता काम झाल्यावर त्याचं काय होतं, ते बोलते. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून भांडारात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि वर पाच लाखांची भरपाई दिली. काम विकल्यावरही त्याच्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क कलाकाराला देणाऱ्या, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ वर उभा असलेला हा निकाल तरुण कलाकारांनी वाचावा. त्यात धीर आहे, पण किती वर्षं लागली तेही त्यात आहे. उलट लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनात एदुआर्दो पाओलोत्सी यांचं १९८० च्या दशकातलं मोझॅक आहे. स्टेशन वाढवताना त्यातलं बरंचसं राखलं, आणि राखता न आलेल्या कमानींचे भाग एडिनबरा विद्यापीठाकडे गेले.

म्हणून माझ्या करारात दोन ओळी असतातच. भिंत पाडण्याआधी किंवा तिच्यावर खिळा ठोकण्याआधी मला कळवायचं. फलकांचे खिळे माझ्या भिंतींनी पुष्कळ सोसलेत. पानाची पिचकारी काचेवरून धुता येते, खिळ्याचं भोक धुता येत नाही. आणि शक्य तिथे मी थेट गिलाव्यावर न बसवता सिमेंट बोर्डाच्या तुकड्यांवर करते, स्क्रूची डोकी सुट्या तुकड्यांखाली झाकते, म्हणजे उद्या भिंत गेली तरी काम उतरवता येतं. खर्च थोडा वाढतो. फ्लॅट बदलणाऱ्यांना हे लगेच समजतं, समित्यांना समजावून सांगावं लागतं.

काम सोपवताना मालकाला मी एक बिस्किटाचा डबा देते. त्यात प्रत्येक रंगाचे जादा तुकडे, मसाल्याचं नाव, दरज भरलेल्या ग्राउटच्या शेडचा क्रमांक. तुकडा पडला तर कुठल्याही चांगल्या मिस्त्रीला तो बसवता यावा, दरवेळी मलाच बोलवायला नको. पण घराघरात दोन वर्षांनी त्या डब्यात सुईदोरा निघतो आणि तुकडे कुंडीत. त्यामुळे हल्ली दुसरा डबा माझ्याकडे असतो, झाकणावर पत्ता लिहून. मांडणी भरत आलीय, पण चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.